मतिमंद मुलांसाठीच्या संस्था आपल्याकडे कोणी सुरू केल्या, सरकारने की दानशूर लोकांनी? त्यांना देणगी द्यावी का?

बहुतेक ठिकाणी आईबापांनी. तुमच्या प्रश्नातला 'दानशूर' शब्द लागला म्हणून लिहायला बसले.

मुंबईची जय वकील शाळा घ्या, शिवडीची, 1944 सालची. वकील आडनावाच्या दांपत्याच्या मुलीला, दीनाला डाऊन सिंड्रोम होता, तिच्यासाठी काही सोय नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच सुरू केली. पुण्याची कामायनी 1964 ची, सिंधुताई जोशींची. नाशिकला रजनीताई लिमयेंनी 1977 ला प्रबोधिनी काढली, त्यांचा स्वतःचा मुलगा असा होता. बदलापूरचं आधार तर 'आपल्यामागे पोरांचं काय' या एका काळजीपोटी पालकांनी एकत्र येऊन उभं केलं. अपंगांच्या हक्कांचे कायदे आले ते 1995, 1999 आणि 2016 ला, म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर ते बघा.

आमच्या घरचंच सांगते. दादा 18 चा झाला आणि शाळा संपली. मग दिवसभर गॅलरीत बसायचा, रिक्षाचा आवाज आला की दप्तर घेऊन दारात उभा राहायचा, आणि आई रोज त्याला समजावून परत आत आणायची, असं जवळजवळ वर्षभर चाललं. शेवटी बाबांनी त्याच्याच वर्गातल्या मुलांचे पालक गोळा केले, एकांची तळमजल्यावरची रिकामी खोली होती तिथे वर्कशॉप सुरू केलं. संस्थेच्या नोंदणीला सात जण लागतात, सहाच तयार झाले. सातवी सही मुलांना शाळेत सोडणाऱ्या रिक्षावाल्या मामांनी केली. ते कागद आईने अजून कपाटात जपून ठेवलेत.

पहिलं काम फुलवातींचं, पाकिटात दहा. माझे काका आले बघायला आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, याला दहापर्यंत मोजता तरी येतं का, कशाला हा टाइमपास, त्यापेक्षा तेवढे पैसे एखाद्या आश्रमाला दे, पुण्य तरी लागेल. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी एका फळीला दहा खळगे पाडून घेतले. एका खळग्यात एक वात, सगळे खळगे भरले की पाकीट. दादाला आजही मोजता येत नाही पण त्याच्या पाकिटात कधी नऊ किंवा अकरा निघालेल्या नाहीत. एक खळगा रिकामा राहिला तर बोट तिथे टेकवून बसतो आणि वात दिल्याशिवाय बोट उचलत नाही. मोजता येत नसेल तर फळी बदलायची, माणूस नाही, हे बाबांना कळलं आणि काकांना आजतागायत कळलेलं नाही. नातेवाइकांची कीव घरात आणि देणगी बाहेर, हे मला अजिबात पटत नाही.

तर देणगी द्या, जरूर द्या, पण वाढदिवसाचा केक कापून फोटो काढायला जाऊ नका. दिवाळीच्या दोन महिने आधी ऑर्डर द्या, ऑफिसमधल्यांना घ्यायला लावा. कापूस आधी आणावा लागतो, शेवटच्या आठवड्यात फोन करून उपयोग नसतो.

सगळ्या संस्था चांगल्या असतात असं मात्र मी म्हणणार नाही. निवासी असेल तर न कळवता जा, संडास बघा, मुलांची नखं बघा. आणि तुमच्या घरात कोणी असेल तर 18 नंतर आईवडिलांनासुद्धा कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो, निरामय हा अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, दोन्ही वेळेत करा. आमचं पालकत्वाचं राहिलं होतं, बाबा गेल्यावर मी धावपळ करून केलं. त्या फॉर्मवर आता माझी सही आहे, काकांना विचारायला मी गेले नाही.