जर्मनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून येण्यापूर्वी

पुण्यातील आयटी कंपनीत अनेक वर्षे प्रकल्प सांभाळल्यावर तुम्हाला श्टुटगार्टहून नोकरीचा प्रस्ताव आला आहे आणि पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र पुरेल का, जर्मन कितपत लागेल, कामात नेमके काय वेगळे असते, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी अडचण तेथेच येते.

आपल्याकडे वेळापत्रक घसरले की शनिवार-रविवार हाताशी असतात. येथे ते धरून चालता येत नाही. कायद्याने दिवसाला 8 तास काम, ते 10 पर्यंत वाढवता येते, पण सहा महिन्यांची सरासरी 8 वर आणावी लागते, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तासांची विश्रांती द्यावी लागते. म्हणजे रात्री दहापर्यंत अमेरिकेतील ग्राहकाशी बोलत बसलेल्या सहकाऱ्याला सकाळी नऊच्या आत बैठकीला बोलावता येत नाही. ज्या कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेले मंडळ असते, तेथे जादा तासांसाठी त्याची संमती लागते. कोणी किती काम केले हे टिपू शकणारी प्रणाली बसवायची झाली तरी मंडळाला विचारावेच लागते, तेव्हा जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून व्यक्तिनिहाय आकडे काढण्याची सवय असल्यास ती सोडावी लागेल.

सुट्ट्यांचेही तसेच आहे. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवसांची रजा कायद्याने मिळते, पण आपल्या क्षेत्रात 30 दिवस सर्रास देतात, आणि रजेवरील माणसाला फोन करणे येथे कोणालाच रुचत नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमधील शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्याच्या आसपासपर्यंत चालते. त्या काळात गो-लाइव्ह (प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणणे) ठेवणे म्हणजे निम्म्या संघाशिवाय ते पार पाडणे. उलट, सहकारी ‘हे या मुदतीत होणार नाही’ असे भर बैठकीत तोंडावर सांगतात. सुरुवातीला ते उद्धट वाटेल, पण मला तरी ते सोयीचेच वाटते, कारण धोका मुदतीच्या आदल्या दिवशी न कळता हाताशी वेळ असतानाच कळतो.

संघात इंग्रजी चालते. ग्राहक मध्यम आकाराचा जर्मन कारखाना असला तर मात्र बैठका, करारपत्रे आणि तक्रारी जर्मनमध्येच असतात. निघण्यापूर्वी निदान बी-1, म्हणजे भाषेची मध्यम पातळी, गाठा. त्याचा आणखी एक लाभ असा की ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा वास्तव्य आणि काम परवाना) असलेल्याला बी-1 असल्यास 21 महिन्यांनी, नुसते ए-1 (प्राथमिक पातळी) असल्यास 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पीएमपी येथे ओळखतात, तेव्हा ते टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत लागणारे 60 पीडीयू, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचे गुण, चुकवू नका. काही कंपन्या आयपीएमए या आंतरराष्ट्रीय प्रकल्प व्यवस्थापन संघटनेचे प्रमाणपत्र मागतात, पण ते येथे आल्यावर करता येते.

तुमचे विद्यापीठ अनाबिन या परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची माहिती देणाऱ्या जर्मन संकेतस्थळावर मान्यताप्राप्त दाखवले आहे का, ते तपासा. 2025 साठी ब्लू कार्डाची सर्वसाधारण वेतनमर्यादा वर्षाला 48,300 युरो होती, पण ती कर आणि सामाजिक विमा कापण्यापूर्वीची रक्कम आहे. सहसा सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते, म्हणून पुण्यातील घर आणि मुलांची शाळा लगेच सोडू नका. पत्नीला मात्र ब्लू कार्डधारकाची जोडीदार म्हणून जर्मनची परीक्षा न देता येता येईल आणि नोकरीही करता येईल. करारावर सही करण्यापूर्वी तुमच्या प्रकल्पातील ग्राहकाची भाषा कोणती आणि जादा तासांची भरपाई पैशांत की रजेत, हे दोन्ही लेखी विचारून घ्या.