बारशाआधी गेलेलं बाळ माणूस नसतं का?

तुमचा प्रश्न असा की घानातल्या अकान लोकांत नाव ठेवण्याआधी, म्हणजे आठ दिवसांच्या आत बाळ गेलं तर त्याचा शोक करत नाहीत. माणूस कशाने होतो याची समजूत इतकी वेगळी कशी, आणि हे मागासलेपण नाही का? मागासलेपण बघायला घानाला कशाला जायचं, आमच्या सांगलीला या.

1998 च्या जुलैत आम्हाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी घरी आणली. सहाव्या रात्री आईने पाटा-वरवंटा पुजला आणि शेजारी कोरा कागद, माझं शाईपेन ठेवलं. सटवाई येऊन कपाळी लिहून जाते ना. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. जंतुसंसर्ग, डॉक्टर म्हणाले.

धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून नदीकाठी नेली. खड्ड्यात घालायच्या खडेमिठाचा पुडा थोरल्या काकांनी वाटेतच घेतला होता. दुकानदाराकडून सुटे परत घ्यायलाही ते विसरले नाहीत. हे मला अजून खुपतं. घरी येऊन अंघोळ झाल्यावर म्हणाले, "झालं. दिवस नाहीत, काही नाही. नाव तरी कुठे ठेवलं होतं त्याचं?" आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. बायको आत होती.

'त्याचं' म्हणाले. ते बाळ, ते मूल. मेन्किटी नावाच्या नायजेरियन तत्त्वज्ञाने 1984 च्या निबंधात नेमकं हेच धरलंय: इंग्रजीतही तान्ह्या मुलाला वस्तूसारखं नपुंसकलिंगी सर्वनाम लावतात. माणूसपण जन्मतः मिळत नाही, समाजात वाढता वाढता कमवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. घानाच्याच ग्येक्ये या तत्त्वज्ञाला ते पटलं नाही. मी ग्येक्येच्या बाजूचा.

काकांच्या बाजूला शास्त्र होतं, हे मान्य. दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं, त्याला उदक देऊ नये, असं याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. म्हणजे आपली मुदत अकानांपेक्षा लांब! त्यांच्याकडे रक्त आईचं आणि जीव देवाकडून आलेला. आठव्या दिवशी बाळाच्या जिभेला पाणी आणि दारू लावतात, पाण्याला पाणी आणि दारूला दारू म्हणायला शिकावं म्हणून. तोवर ते पाहुणं, राहील की परत जाईल सांगता येत नाही. पण वाराचं नाव त्याला जन्मासोबतच मिळतं. आमची शुक्रवारची. तिथे असती तर पहिल्या दिवसापासून अफुआ असती.

समजूत वेगळी का, याचं अर्धं उत्तर मरणात आहे. 1971 साली आपल्या देशात हजारातली 129 बाळं वर्षाच्या आत जात, 2020 साली 28. आजीची अकरातली पाच गेली. दर वेळी तेरावं घालत बसली असती तर उरलेल्या सहांना कोण बघणार? जीव लावायचा तो बारशानंतर, ही तिची सोय होती. काका तिच्याच हाताखाली वाढले. हे मला कळतं. पण तिची सोय माझ्या बायकोवर नियम म्हणून का लादायची?

महापालिकेने मात्र आम्हाला दोन दाखले दिले, एक जन्माचा, एक मृत्यूचा. नावाच्या रकान्यात दोन्हीकडे आडवी रेघ. काकांच्या हिशेबी जे माणूसच नव्हतं, ते कायद्याच्या हिशेबी जन्मून मेलेलं होतं.

हे सगळ्यांचं नाही, तेही सांगतो. आमच्याच गल्लीतल्या लिंगायत घरांत जंगम येऊन तान्ह्याला लिंग बांधतो, आणि गेलं तर लहान-मोठं सगळ्यांनाच पुरतात. तेव्हा पुरण्यावर माझा राग नाही. आणि काका वाईट नव्हते. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं.

पण घरात बाळ येणार असेल तर नाव आधीच ठरवा आणि पहिल्या दिवसापासून त्याच नावाने हाक मारा. बारसं बाराव्या दिवशी करा की, पेढे कुठे पळतात! कुणी आडवं आलंच तर विचारा, बाराव्या दिवसापर्यंत ते माणूस नाही, तर सहाव्या रात्री सटवाई लिहिते ते कुणाच्या कपाळावर?

मी हे काकांना 2001 साली विचारलं होतं, धाकट्याच्या वेळी, पूजा मांडत असताना. ते बराच वेळ पाटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "पेनात शाई आहे का बघ."