अमेरिकेतील शहर पोलिसांना संघ सरकारचे अनुदान मिळते म्हणजे नेमके काय?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील लहान शहरांच्या पोलिसांना साधनसामग्री आणि प्रशिक्षणासाठी वॉशिंग्टनहून पैसा येत असेल, तर ती दले संघ सरकारच्याच पैशावर चालतात असे म्हणावे का. मी येथील एका लहान शहराच्या हिशेब विभागात अनुदानांचे कागद सांभाळतो, आणि माझे उत्तर नाही असे आहे. देशात लहानमोठी सुमारे १८,००० पोलीस दले आहेत. त्यांपैकी शहरांच्या आणि काउंटींच्या दलांचे पगार, गाड्या, इंधन असा नित्याचा खर्च मुख्यतः स्थानिक करांतूनच भागतो. अनुदान येते ते वरखर्चाला.

यातले सर्वांत परिचित अनुदान न्याय खात्याचे ‘एडवर्ड बर्न मेमोरियल जस्टिस असिस्टन्स ग्रँट’ हे असून शेवटच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला बोलताना सगळे ‘जॅग’ म्हणतात. नावातले एडवर्ड बर्न हे न्यूयॉर्कचे २२ वर्षांचे पोलीस फेब्रुवारी १९८८ मध्ये क्वीन्स भागात एका साक्षीदाराच्या घराबाहेर गाडीत बसून पहारा देत असताना मारले गेले. २००५ मध्ये दोन जुनी अनुदाने एकत्र करून जॅगला आजचे रूप देण्यात आले. रक्कम लोकसंख्या आणि हिंसक गुन्ह्यांची आकडेवारी यांवरून सूत्राने ठरते. राज्याच्या वाट्यातील ६० टक्के राज्य सरकारकडे आणि ४० टक्के थेट स्थानिक संस्थांकडे जातात. ज्या गावाचा हिस्सा १०,००० डॉलरपेक्षा कमी निघतो त्याला थेट काहीच मिळत नाही, त्याने राज्याकडे अर्ज करायचा. वायरलेस संच, संगणक, प्रशिक्षण, जादा कामाचा भत्ता असे बरेच काही यात बसते.

खरी मेख एका अटीत आहे. शहराने ज्या खर्चाची तरतूद आधीच केली आहे, तो खर्च अनुदानावर टाकून स्वतःचा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. दहा वायरलेस संच अंदाजपत्रकात मंजूर असतील, तर अनुदानातून घ्यायचे ते अकराव्यापासून पुढचे. लेखापरीक्षक जुनी अंदाजपत्रके काढून नेमके हेच तपासतात, म्हणून मी नगरपरिषदेच्या ठरावांच्या प्रती अनुदानाच्या फायलीतच लावून ठेवतो.

बुलेटप्रूफ जाकिटांची योजना वेगळी आहे. १९९८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत किमतीचा जास्तीत जास्त निम्मा भाग संघ सरकार देते, तेही जाकीट हातात पडल्यावर आणि पावती दाखवल्यावर. उरलेला निम्मा हिस्सा जॅगच्या पैशातून भरता येत नाही. अर्ज करण्यापूर्वी, गणवेशात गस्तीवर असताना जाकीट घालणे सक्तीचे आहे असा लेखी नियम दलाकडे असावा लागतो, आणि प्रत्येक जाकीट त्या त्या व्यक्तीच्या मापाचे असावे लागते. गेल्या खेपेला आम्ही कोठारात एकेका जाकिटाचे आवरण उघडून आतल्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख यादीशी ताडून पाहिली. दोन जाकिटे नोकरी सोडून गेलेल्यांच्या मापाची निघाली. ती दुसऱ्या कोणाच्या अंगावर नीट बसेनात, तेव्हा नवी मापे घेणे आले.

वृत्तपत्रांतील छायाचित्रांत दिसणारी सैनिकी चिलखती वाहने मात्र बहुधा अनुदानातली नसतात. संरक्षण खात्याकडचे जादा साहित्य पोलिसांना देण्याची ‘१०३३’ नावाची स्वतंत्र योजना आहे. २०१४ मध्ये मिझुरी राज्यातील फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेल्यावर झालेल्या निदर्शनांनंतर तिच्यावरच मोठा वाद झाला.

प्रशिक्षणाविषयी बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा जाणवत नाही. वर्गाचे शुल्क हा त्यातला किरकोळ भाग आहे. पंधरा जणांच्या दलातून दोघे आठवडाभर बाहेरगावी गेले की त्यांच्या पाळ्या इतरांना जादा भत्त्यावर कराव्या लागतात, आणि अर्जात हा आकडा घालायचा राहिला तर तो शेवटी शहराच्या माथी येतो. अंगावरच्या कॅमेऱ्यांचेही तसेच आहे : न्याय खात्याने २०१५ पासून त्यांच्यासाठी अनुदान दिले, परंतु चित्रफिती वर्षानुवर्षे साठवण्याचे भाडे अनुदानाच्या मुदतीनंतरही चालूच राहते. आमच्या यंदाच्या अंदाजपत्रकात ते भाडे कॅमेऱ्यांच्या मूळ किमतीहून मोठे झाले आहे, आणि त्यात वॉशिंग्टनचा एक डॉलरही नाही.