सगळ्या धर्मांत समान काय आहे? मला ते दादरच्या एका धर्मशाळेत सापडलं

तुम्ही विचारलंय की जगातल्या मोठ्या धर्मांची आध्यात्मिक मूल्यं खरंच सारखी आहेत, का हे सगळं फक्त भाषणात बोलायला बरं असतं. हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं पडलेला होता म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी एक सांगतो, "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्य मला पटत नाही. नाही सांगत एकच. बौद्ध धम्मात जग निर्माण करणारा देवच नाही, इस्लाममध्ये देवाच्या बरोबरीला कुणालाही बसवणं हे सगळ्यात मोठं पाप, ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो आणि ज्यू मानत नाही, आमच्याकडे पुनर्जन्म आहे आणि त्यांच्याकडे शेवटचा न्यायाचा दिवस. हे फरक खरे आहेत, त्यांच्यासाठी लोकांनी जीव दिलेत, ते पुसून टाकून समानता दाखवायची म्हणजे सगळ्यांचाच अपमान आहे असं मला वाटतं.

मग समान काय? बरेच जण सांगतात की "जे स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नको". ते खरंच आहे, महाभारतात आहे, चीनच्या कन्फ्युशियसकडे आहे, ज्यूंचे जुने धर्मगुरू हिल्लेल यांनी सांगितलंय, आणखीही ठिकाणी मिळेल. पण त्यात एक अडचण आहे, ते घरात बसून पाळता येतं. कुणाला त्रास दिला नाही म्हणजे झालं. मला जे सापडलं ते याच्या पुढचं आहे.

माझ्या बाबांना, म्हणजे वडिलांना, घशाचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही ट्रीटमेंटसाठी मुंबईला आलो आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाने जी धर्मशाळा आहे तिथे अडीच महिने राहिलो. मुंबईत ओळखीचं कुणी नाही, लॉजचं भाडं परवडणारं नाही, अशा वेळी ती जागा मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. तिथे भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री, म्हणजे करायच्या दहा कामांची यादी, लिहिलेली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, गरिबांच्या मुलांना शिक्षण, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींची लग्नं, दुःखी निराशांना हिंमत. शाळेत पाठ केलेलीच होती, पण तिथे रोज रांगेत उभं राहून वाचताना ती वेगळी वाटायची, कारण त्यातले बेघर आणि रोगी आता आम्ही होतो.

आमच्या शेजारी नगरकडच्या एक मावशी होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या, ख्रिस्ती. एक दिवस त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अरे बाळा, हे तर आमच्या मत्तयात आहे." मला वाटलं असंच म्हणतायत. तर त्यांनी पिशवीतून मराठी बायबल काढलं आणि त्यातल्या मत्तय नावाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचून दाखवला. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो की मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं, तहानलेला होतो प्यायला दिलं, परका होतो घरात घेतलं, उघडा होतो कपडे दिले, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही येऊन भेटलात. ती माणसं गोंधळून विचारतात की प्रभू, आम्ही तुला कधी उपाशी बघितलं? आणि तो म्हणतो की या माझ्या अगदी लहानातल्या लहान भावासाठी तुम्ही जे केलंत ते माझ्यासाठीच केलंत.

माझ्या अंगावर काटा आला खरं सांगतो. अन्न, पाणी, वस्त्र, आसरा, आजारपण, सगळं तेच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट घरात जन्मलेला, कधी शाळेत न गेलेला, हातात खराटा घेऊन गावं झाडणारा माणूस आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं ते शुभवर्तमान. पण यादी जुळते हे एवढं मोठं नाही, भूक-तहान सगळ्यांनाच असते. मोठी गोष्ट ती की देव म्हणतो "मी भुकेला होतो". म्हणजे त्या भुकेल्याच्या जागी मीच होतो, असं.

त्यानंतर मी हे एकच वाक्य शोधत वाचत राहिलो, सावकाश, नोकरी सांभाळून. आणि मिळत गेलं.

सहीह मुस्लिम या हदीसांच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहात त्यांचे सोबती अबू हुरैरांनी सांगितलेली एक हदीस आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह विचारतो, आदमच्या लेकरा, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस म्हणतो, तू तर सगळ्या जगाचा मालक, तुला मी कसा भेटायला येणार? तर उत्तर येतं की माझा अमुक बंदा आजारी होता, तू गेला असतास तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो. मग तसंच जेवणाचं विचारतो, तसंच पाण्याचं. इथे फरकही बघा, अल्लाह तो आजारी माणूस होत नाही, तो त्याच्याजवळ असतो. त्यांच्या श्रद्धेची रेषा त्यांनी तिथेही मोडलेली नाही, तरीही बोलावणं त्याच खाटेपाशी आहे.

बुद्धांची गोष्ट विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागली, कारण मी तेव्हा बाबांचं सगळं करत होतो. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला होता, बाकीचे बघत नव्हते, कारण काय तर तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, एकाने डोक्याकडून धरलं एकाने पायाकडून आणि खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना बोलावून सांगितलं की तुमची आई इथे नाही, बाप इथे नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. जिथे देवच मानलेला नाही तिथेही वाक्य तेच येतं, माझ्या जागी त्याला बघ.

ज्यूंकडे त्यांचा मूळपुरुष अब्राहम तंबूच्या दाराशी बसलेला असतो, देवाने त्याला दर्शन दिलेलं असतं, आणि तेवढ्यात समोर तीन परके वाटसरू दिसतात तर हा भर उन्हात उठून त्यांच्याकडे पळतो. यावरून तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात सरळ म्हटलंय की पाहुण्याचं स्वागत हे देवाच्या दर्शनापेक्षा मोठं. देवाला थांबवून ठेवलं की हो त्याने! हे वाचल्यावर मला लगेच आपले एकनाथ आठवले. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि ते सगळं पाणी त्याला पाजलं, म्हणाले माझा रामेश्वर मला इथेच भेटला. आणि शिखांच्या जनमसाखीत, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांत, गुरू नानकांना वडील 20 रुपये देऊन चांगला सौदा करून ये म्हणून पाठवतात तर ते भुकेल्या साधूंना जेवू घालून येतात आणि म्हणतात याच्यापेक्षा खरा सौदा कुठला. लंगरचा, म्हणजे गुरुद्वारात सगळ्यांना मिळणाऱ्या मोफत जेवणाचा, उगम लोक तिथपर्यंत नेतात. आपल्याकडे नांदेडला गेलात तर तिथल्या लंगरमध्ये जरूर बसा, शेजारी कोण बसलंय ते कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल की हे एवढं सगळ्यांना माहीत आहे तर मग जग असं का. हा भाग टाळून उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. ज्या महाराष्ट्रात गाढवाला पाणी पाजलेल्याची गोष्ट कीर्तनात डोळे पुसत ऐकली जायची, त्याच महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी माणसांना पिऊ देत नव्हते. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्यानंतरही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तर त्यानंतर लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं. त्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. म्हणजे मूल्य पोथीत होतं, तोंडात होतं, आणि माणूस तळ्याच्या काठावर तहानलेलाच. म्हणून कुणी मला विचारलं की धर्मात हे मूल्य आहे का, तर मी आधी बघतो की पाण्यापाशी कुणाला थांबवलंय. गाडगेबाबांनी ते बघितलं होतं, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली कारण अस्पृश्य मानलेल्या लोकांना इतर धर्मशाळांत घेत नव्हते, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकली.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे, पण ते देव एक आहे का अनेक, मोक्ष का स्वर्ग या बाजूने नाही. उपाशी आणि आजारी माणसापाशी पोचलं की हे सगळे रस्ते एका खाटेशी येतात, आणि तिथे प्रत्येकाचा देव किंवा गुरू म्हणतो की हे माझंच समज.

त्या मावशींचे यजमान आमच्या आधी गेले. त्या दिवशी त्यांचं सामान बाबांनी बांधून दिलं, बाबांना तेव्हा बोलता येत नव्हतं, नळी होती. मावशींनी जाताना स्टोव्ह आणि दोन भांडी आम्हाला ठेवली, म्हणाल्या तुम्हाला अजून महिना काढायचाय. आम्ही निघताना ती तशीच पुढच्या माणसांना दिली, परभणीकडचं एक जोडपं होतं, लहान मुलाला घेऊन आलेलं.