पऱ्हाटी वाहायला ट्रक घ्यावा का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न असा: घरी सहा एकर शेती आणि ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. बँकेत १० लाखांची ठेव आहे, त्यातले ४ लाख दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागतील. ६० किलोमीटरवरचा ब्रिकेटचा (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या विटांचा) कारखाना पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या कपाशीच्या झाडांची, कुट्टी (बारीक तुकडे) गेटवर टनाला २,६०० रुपयांनी घेतो. दुसऱ्याचा माल आणून दिला तर हमालीसह टनाला १,१०० रुपये भाडे द्यायलाही तयार आहे. त्यासाठी १६ लाखांचा जुना सहाचाकी ट्रक घ्यायचा विचार आहे. ६ लाख स्वतःचे, १० लाख कर्ज, व्याज १३ टक्के, मुदत चार वर्षे. घ्यावा का?

या हिशेबावर तरी घेऊ नका.

सहाचाकी ट्रकचे मालासह मान्य वजन १८.५ टन. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की साधारण ११ टन माल बसतो, आणि तुम्हीही बहुधा तेवढाच धरला असेल. पण पऱ्हाटीची कुट्टी हलकी असते. २२ फुटी बॉडीत, उंचीच्या मर्यादेत राहून, फार तर ४० घनमीटर माल मावतो. कुट्टीचा घनमीटर १२५ किलोचा धरला तर खेपेला ५ टन भरतात. ट्रक काठोकाठ भरतो, काट्यावर मात्र अर्धाही उतरत नाही, आणि भाडे तर टनावर आहे.

आता एक खेप बघू. येऊन-जाऊन १२० किलोमीटरला, भरताना-उतरवतानाचे धरून, २६ लिटर डिझेल म्हणजे सुमारे २,४०० रुपये. ड्रायव्हरचा पगार-भत्ता ९००. टायर, ऑइल, दुरुस्तीला किलोमीटरला ४ रुपये धरा, ४८० झाले. हमाली टनाला २०० प्रमाणे १,०००. एकूण ४,७८०. भाडे ५,५००. हाती उरले ७२०.

पऱ्हाटीचा हंगाम फेब्रुवारी ते मे. पेरणीआधी शेत मोकळे करायचेच असते. कुट्टी भरायलाच अर्धा दिवस जातो, म्हणून दिवसाला एकच खेप. मधले बिघाड आणि लग्नसराईत न मिळणारे हमाल वजा करून ११० खेपा धरल्या तर ७९,२०० रुपये झाले. समोर हप्ता महिन्याला सुमारे २६,८०० म्हणजे वर्षाला ३.२२ लाख, शिवाय विमा, फिटनेस, कर, परमिट मिळून ८० हजार. नुसत्या तृतीय पक्ष विम्यालाच ३५ हजारांच्या वर जातात. म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास खड्डा. बरोबरीला यायला खेपेला सव्वाआठ टन हवेत आणि सुटी कुट्टी तेवढी दाबली जात नाही.

मग या भावात इतर लोक गाडी कशी चालवतात? ज्याचे कर्ज केव्हाच फिटले आहे त्याला परवडते. तेव्हा त्याच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याचीच गाडी खेपेवर ठरवा.

पैसा घालायचाच असेल तर शेत आणि भाड्याची गाडी यांच्या मधल्या कामात घाला. ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टीचे यंत्र (श्रेडर), गावाजवळची जागा आणि उधारी सोसण्यापुरती रोकड एवढे लागेल. अंदाजी हिशेब असा: गेटवर २,६००. त्यातून भाडे १,१००, शेतकऱ्याला ४००, तोडणी-कुट्टीची मजुरी आणि डिझेल ६००, ओल-मातीची कपात १००. टनाला ४०० उरतात. रोज ४ टन, १०० दिवस म्हणजे १.६ लाख. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण हप्ता भरायचा नाही.

यात पैसा अडकतो तो उधारीत. कारखाना तीस दिवस म्हणतो, तुम्ही ४५ धरा. टनाला २,१०० रुपये आधी खिशातून जातात, म्हणजे ४ टन × ४५ दिवस × २,१०० = ३.७८ लाख कायम बाहेर. तुमच्या मोकळ्या ६ लाखांतून हे गेले की श्रेडरला जेमतेम दोन लाख उरतात. म्हणून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानाचा अर्ज आधी करा. पूर्वसंमतीच्या आधी यंत्र घेतले तर अनुदान मिळत नाही, आणि विक्रेता मात्र घाई करतोच. पीक कर्जाचा भरणाही याच सुमारास येतो. तो उधारीमुळे चुकला तर व्याज सवलत जाईल, म्हणून ती रक्कम वेगळी काढून ठेवा. मुलीच्या ४ लाखांना हात लावू नका.

ओलाव्याकडे नीट बघा, नफा तिथेच गळतो. ३० टक्के ओलीची १,००० किलो पऱ्हाटी १५ टक्क्यांवर सुकली की काट्यावर ८२४ किलोच भरते. शेतकऱ्याला ओल्या वजनाचे पैसे दिले तर १७६ किलोची तूट तुमची. त्यामुळे एकरावर सौदा करा किंवा वजन सुकल्यावर करा. मुळाची माती झटकून घ्या. मातीचे वजन कारखाना कापतो आणि तीच माती श्रेडरची पातीही खाते.

५०० टन कुट्टी चार मीटर उंच रचली तर नुसत्या ढिगाला दहा गुंठे लागतात. आगीसाठी मधले पट्टे आणि गाडी वळायची जागा धरून वीस-बावीस गुंठे बघा, विजेच्या तारेखालची जागा टाळा. अख्खी पऱ्हाटी गावाशेजारी रचून ठेवू नका, बोंडअळीचे कोष त्यातच राहतात. फरदड (हंगामानंतर कपाशी तशीच राखून घेतलेले जादा पीक) न घेणाऱ्यांची शेते आधी रिकामी होतात, पहिला माल तिथूनच उचला.

स्वतःची ट्रॉली फक्त शेत ते ढीग एवढीच फिरवा. शेतीकामासाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाडे मारताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कुट्टीच्या कामासाठी करा, नुसत्या खरेदी-विक्रीसाठी नको. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. व्यापाऱ्याला ते संरक्षण मिळत नाही. करारात चार गोष्टी लिहून घ्या: कोणत्या काट्याचे वजन धरणार, ओलावा कुठे आणि कोणासमोर मोजणार, किती टक्क्यांवर किती कपात, आणि गाडी गेटवर उभी राहिली तर रोजचे किती.

ट्रकचा विचार फिरून करायचा तर एकाच स्थितीत. तयार ब्रिकेट ट्रकमध्ये पूर्ण ११ टन भरतात. कारखान्याने ब्रिकेट बाहेर पोचवण्याचे निदान आठ महिन्यांचे काम, महिन्याच्या किमान खेपांसह, लेखी दिले तर आकडे पुन्हा मांडा. त्या वेळी जुन्या गाडीचे थकीत ई-चलान, फिटनेसची तारीख आणि आधीच्या फायनान्सची एनओसी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. कराचेही ध्यानात ठेवा: आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीत १२ टनांवरच्या गाडीला मालासह मान्य वजनाच्या टनाला महिना १,००० रुपये नफा धरतात. तुमच्या गाडीला वर्षाला २.२२ लाख झाले, मग पावसाळाभर ती दारात उभी का असेना.