नुसता विन-लॉस रेकॉर्ड बघून भांडू नकोस

अरे कॉलेज बास्केटबॉल नवीन नवीन बघतोयस ना, मग २२-८ वाली (२२ जिंकल्या, ८ हरल्या) टीम रँकिंगमध्ये १९-११ वाल्या टीमच्या खाली कशी हा प्रश्न पडणारच. आधी मॅच कुठे झाली ते बघ. एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) २०१८-१९ पासून आरपीआय ही जुनी रँकिंग पद्धत काढून नेट नावाचं रँकिंग आणलं आणि समोरच्या टीमचा त्यातला नंबर बघून प्रत्येक मॅच चारपैकी एका क्वाड्रंटमध्ये, म्हणजे गटात, टाकतात. क्वाड वन म्हणजे सगळ्यात वजनदार गट, त्यासाठी घरी खेळलात तर समोरची टीम टॉप ३० मधली हवी, न्यूट्रल कोर्टवर (दोघांपैकी कुणाचंच घर नाही असं) टॉप ५० चालते आणि बाहेर जाऊन खेळलात तर टॉप ७५. म्हणजे साठाव्या नंबरच्या टीमला तिच्या घरी हरवलं तर क्वाड वन, तीच टीम तुमच्याकडे येऊन हरली तर क्वाड टू, टीम तीच, स्कोअर तोच!

आणि हे बरोबरच आहे माझ्या मते, ड्यूक युनिव्हर्सिटीच्या कॅमरन इनडोअर स्टेडियममध्ये जेमतेम ९,३१४ लोक बसतात पण स्टुडंट्स कोर्टला चिकटून जो गोंधळ घालतात त्यात फ्री थ्रो मारून दाखव.

न्यूट्रलचं मात्र जरा जपून. हवाईतली माउई इन्व्हिटेशनल स्पर्धा खरंच न्यूट्रल, पण यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटीची टीम) न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला खेळते तेव्हा कागदावर न्यूट्रल असलं तरी अर्धं गार्डन त्यांचंच असतं, क्वाड्रंटला ते दिसत नाही. आणि हो, एपी पोल वेगळा, तो पत्रकारांच्या मतांवर चालतो, त्याची नेटशी गल्लत करू नकोस. सिलेक्शन संडेच्या (एनसीएए स्पर्धेच्या टीम जाहीर होतात तो रविवार) आधी टीम शीट, म्हणजे प्रत्येक टीमच्या निकालांचा तक्ता, उघडून रोड रेकॉर्डचा कॉलम पहिला बघ, मी तरी तेच करतो.