दोन दिवसांची सहल आणि ५:०१ वाली मुलगी

"मॅडम, दोन दिवस सराव बुडाला तर सगळी मेहनत वाया जाईल का?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांनी विचारलाय की वाक्य अर्धं झालं की पुढचं मला आधीच ऐकू येतं. पोहणारा मुलगा विचारतो, गाणं शिकणारी मुलगी विचारते, प्रवेश परीक्षेची तयारी करणारे तर रांगेनं विचारतात. कुणाचा सराव, कुणाचा रियाझ, कुणाचा अभ्यास. भीती एकच, की थांबलो तर घसरलो. म्हणून आज त्यांच्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीनं, आणि ती ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलून. तिला मानसी म्हणू.

मानसी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि १५०० मीटर पळते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर पावणेचार फेऱ्या. ज्यांनी हे अंतर कधी पळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी तिचंच वर्णन देते: "वेगही लागतो, दमही लागतो, आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही संपलेले असतात." माझ्याकडे येण्याच्या दहा दिवस आधी एका स्पर्धेत ती पहिल्यांदाच पाच मिनिटांच्या आत आली. ४ मिनिटं ५८ सेकंद. दोन वर्षं ती या आकड्यामागे होती. मैत्रिणींनी ठरवलं, हे साजरं करायचं. शनिवार-रविवार, डोंगरातल्या तळ्याकाठी एक घर, सहा जणी. आणि सहल ठरल्या दिवसापासून मानसीची झोप उडाली.

ती आली तीच सरावाची डायरी छातीशी धरून. रोजचे किलोमीटर, फेऱ्यांच्या वेळा, सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी, सगळं निळ्या शाईत. विश्रांतीच्या दिवशी मात्र लाल शाईत एक शून्य. ते लाल शून्य पाहिलं तेव्हाच माझ्या मनात काहीतरी खटकलं होतं. त्याचा अर्थ लागायला मला दोन भेटी लागल्या, हेही कबूल करते.

"सरांना विचारलंस?"

"सर म्हणाले, खुशाल जा. पुढची शर्यत सहा आठवड्यांवर आहे. उलट पायांना बरंच आहे म्हणाले."

"मग अडलंय कुठे?"

"सरांना माझा स्वभाव माहीत आहे ना. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील."

मी विचारलं, तुला स्वतःला काय माहीत आहे, दोन दिवसांत शरीराचं काय होतं? तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. सरावानं शरीर थकतं आणि सुधारतं ते विश्रांतीत. सराव पूर्ण बंद केला तरी शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सात टक्क्यांच्या आसपास उतरायला दोन-तीन आठवडे जातात. मोठ्या शर्यतीआधी तर खेळाडू मुद्दामच दोन आठवडे सराव जवळजवळ निम्म्यावर आणतात, वेग तेवढा कायम ठेवतात. सगळं बरोबर. आता हिला मी नवीन काय सांगणार होते? समोरच्याला माहिती दिली की भीती जाते, असं नव्यानं या कामात आलेल्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मानसीकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती होती आणि रात्रीचे दोन वाजेपर्यंत ती जागी होती.

एक गोष्ट मात्र मी कधीच वगळत नाही. पळणाऱ्या मुलीला मी पाळी वेळेवर येते का, जेवण कमी केलंय का, नडगीत एकाच जागी दुखतं का, हे सरळ विचारते. यातलं काही बिनसलेलं असेल तर माझ्या खुर्चीआधी डॉक्टरांची पायरी. मानसीचं तसं काही नव्हतं.

पहिल्या भेटीच्या शेवटी ती म्हणाली, "तुम्ही जा म्हणा, मी जाते."

मी म्हटलं नाही. मी जा म्हटलं असतं तर ती गेलीही असती, आणि पुढच्या सहलीच्या वेळी पुन्हा माझ्या दारात परवानगीला उभी राहिली असती.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी तिला रॉजर बॅनिस्टरची गोष्ट सांगितली. १९५४ चा एप्रिल महिना. लंडनमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण घेणारा हा तरुण चार मिनिटांच्या आत एक मैल पळायच्या तयारीत होता. सराव असा, की पाव मैल दहा वेळा पळायचा, मध्ये थोडी विश्रांती. प्रत्येक पाव मैल ६० सेकंदांच्या आत यायला हवा होता. काही केल्या ६१ च्या खाली येईना. वैतागून तो मित्र ख्रिस ब्रॅशरबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढायला निघून गेला. परत आल्यावर पुन्हा ट्रॅकवर उतरला, तर तेच पाव मैल ५९ सेकंदांत. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये त्यानं मैल पूर्ण केला ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत, आणि सुरुवातीला पुढे राहून वेग धरून द्यायला होता तोच मित्र, ब्रॅशर.

गोष्ट सांगून मी जरा खुशीतच मागे टेकले. विद्यार्थी, पळणारा, मित्र, दोन-चार दिवसांची भटकंती. याहून चपखल दाखला कुठे मिळणार?

मानसी थोडा वेळ डायरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सहलीहून आल्यावर माझी वेळ सुधारलीच पाहिजे?"

तिच्या वाक्यातला तो 'च' माझ्या कानात शिरला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचारपद्धतीवर माझी वर्षानुवर्षं श्रद्धा आहे, हे माझे नेहमीचे वाचक जाणतातच. माणसाला छळतो तो इच्छेचा झालेला हट्ट, हे त्यांचं सांगणं. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द लागतो. आपल्याकडे एक अक्षर पुरतं. 'वेळ सुधारावी' म्हणणारी मुलगी सहलीला जाऊ शकते. 'सुधारलीच पाहिजे' म्हणणारी तळ्याकाठी बसूनही पळत राहणार. आणि हा नवा 'च' तिला मीच पुरवला होता! सहलीला सरावातच बसवून टाकलं होतं मी.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "बॅनिस्टर ६१ वरच राहिला असता तरी डोंगर तर चढून आलाच असता."

त्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली. त्याच ओघात तिनं एक सांगितलं. शर्यत वाईट गेली की ती संघाच्या बसनं परत येत नाही. बाबांना फोन करून बोलावून घेते आणि एकटीच त्यांच्या गाडीतून येते. का, तर "बसमध्ये सगळे असतात."

तिसऱ्या भेटीत मी डायरीतलं एक कोरं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"सहलीला गेलीस तर पुढच्या शर्यतीत काय वेळ येईल? लिही."

"खरं तर काहीच फरक पडणार नाही."

"खरं राहू दे. रात्री दोन वाजता जो आकडा दिसतो तो लिही."

बराच वेळ पेनचं टोपण उघडझाक करत बसली. मग लिहिलं, ५:०१.

"बरं, आली ५:०१. ही ५:०१ वाली मुलगी कशी असते गं? ओळखतेस कुणाला?"

"मीच होते की. पाच महिन्यांपूर्वी."

"कशी होती?"

"कशी म्हणजे..." ती थांबली. "साडेचारला उठायची. मैदानावर सगळ्यांच्या आधी. एकदा अंगठ्याचं नख काळं होऊन निघालं होतं, तरी पळाली." पुन्हा थांबली. "मला ती आवडायची नाही."

"का?"

"कमी पडायची."

"तिला कुणी सहलीला बोलावलं असतं तर?"

"बोलावलं होतं. दोनदा. मी तिला जाऊ दिलं नाही."

मी तिला जाऊ दिलं नाही. हे वाक्य माझ्याआधी तिनं स्वतःच ऐकलं. चेहऱ्यावर दिसलं ते. डायरी मिटली, पुन्हा उघडली, आणि मग रडली. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. अशा वेळी मदतीच्या नावाखाली मध्ये न कडमडणं हे मला फार उशिरा जमलं. आता जमतं, याचं थोडं समाधान आहे.

लाल शून्याचा अर्थ मला तेव्हा लागला. ४:५८ हातची जाईल याची भीती वरवरची होती. खाली बसली होती ती ५:०१ वाली मुलगी. जिच्या जिवावर ही वेळ आली, तिलाच मानसीनं घराबाहेर उभं केलं होतं. सहल, मैत्रिणी, झोप, सगळं पाच मिनिटांच्या आतल्या मुलीसाठी. वेळ पाच मिनिटांच्या पुढे एका सेकंदानं जरी घसरली तरी मिळालेलं परत करावं लागणार, असा तिचा हिशेब होता. उद्या परत करायची वस्तू कोण आनंदानं वापरेल?

डोळे पुसून झाल्यावर मी विचारलं, "मैत्रिणी तुला ४:५८ साठी नेताहेत ना? ५:०१ असती तर नेलं नसतं?"

"त्यांना कुठलं काय कळतंय! एकीनं तर घरी सांगितलंय, आमची मानसी पंधराशे किलोमीटर पळते."

दोघी इतक्या हसलो की बाहेर बसलेल्या पुढच्या माणसानं दार किलकिलं करून पाहिलं.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्यांच्याशी थोडं बोलते.

शर्यत किंवा परीक्षा पुढच्याच आठवड्यात असेल आणि तुम्ही 'या वेळी नको' म्हणालात, तर मी तुमच्या बाजूनं आहे. नाही म्हणणं हा काही आजार नव्हे. नाही म्हटल्यावर मन निवांत होतं की सुटकेनंतरही धडधडत राहतं, एवढं बघा. तारीख कुठलीही असो, मोसम संपलेला असो, तरी उत्तर नाहीच येत असेल, तर ते उत्तर तुमचं नसून भीतीचं आहे.

जायचं ठरलं तर प्रशिक्षकांना आधी सांगा. लपवलेली सुट्टी कधी सुट्टीसारखी लागत नाही. लांब पळण्याचा दिवस पुढेमागे करता येतो का ते त्यांनाच ठरवू द्या. बुडालेल्या एका लांब पळण्यापेक्षा सलग दोन रात्रींचं जागरण जास्त महागात पडतं, तेव्हा गप्पा मारा, पण थोडं झोपाही. आणि आल्यावर भरपाई करू नका, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. सोमवारी तिप्पट पळून, मंगळवारी जोरदार फेऱ्या मारून पाय धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती दोष सहलीला देतात. आल्यावर पहिला दिवस हलकंच पळायचं, डायरीत जे ठरलं होतं तिथून पुढे जायचं. गेलेलं गेलं.

आईबाबांनाही एक विनंती. मूल शर्यतीहून घरी आलं की पहिला प्रश्न 'किती वेळ आली?' हा नको. मानसीच्या घरी कुणी दुष्ट नव्हतं, कौतुकानंच विचारायचे. पण रोज दारातच आकडा द्यावा लागला की मुलाला वाटायला लागतं, आत यायचं तिकीट तेच.

स्वतःवर माया करायला आकड्याची अट घालू नका, असं मी म्हणते तेव्हा मुलं हमखास विचारतात, "मग पळायचं तरी कशाला?" मानसीनंही विचारलं होतं. मी तिला म्हटलं, पळ की. वेळ सुधारायचा जीव तोडून प्रयत्न कर. ५:०१ आवडू नये, हे मला मान्यच आहे. ५:०१ वाली मुलगी आवडू नये, एवढंच मान्य नाही. हे तिला त्या दिवशी पटलं असं मी म्हणणार नाही. तिनं डायरीत लिहून घेतलं, आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं.

ती सहलीला गेली. परत आल्यावर डायरी माझ्यापुढे ठेवली. शनिवारच्या चौकटीत निळ्या शाईत लिहिलेलं: 'तळ्याला फेरी. चालत. मोजली नाही.' रविवारी पहाटे सगळ्या झोपलेल्या असताना ती उठली आणि वीस मिनिटं पळून आली. बूट पिशवीत तळाशी होतेच.

"हौसेनं पळालीस की भीतीनं?"

"थोडं थोडं दोन्ही," ती म्हणाली. मला हे उत्तर आवडलं. पूर्ण बरं झाल्याची घोषणा करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

सहा आठवड्यांनी तिची शर्यत होती. संध्याकाळी उशिरा तिचा मेसेज आला.

'५:०२. पहिली फेरी वेड्यासारखी जोरात काढली, मग मेले. खूप रडले. आता बसमध्ये आहे. खिडकी मिळाली नाही.'